मुलांकडे जाताना पेन्शनचं काय?

नमस्कार. आज इथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत आहेत. काही जण दरवर्षी सहा महिने जाऊन येतात, काहींची कायमची जायची तयारी चालू आहे. तयारीत व्हिसा असतो, प्रवासाचा विमा असतो, गोळ्यांचा साठा असतो, भाजणी-मेतकूट असतं. पेन्शनचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: ती काय, बँकेत जमा होतच असते.

बँकेच्या पेन्शन खिडकीमागे माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, परदेशी गेलेल्या माणसाची पेन्शन कायद्यामुळे क्वचितच अडते. ती अडते निघण्यापूर्वी राहून गेलेल्या कामांमुळे. आणि त्याची झळ बहुतेक वेळा मागे राहिलेल्या जोडीदाराला, म्हणजे आपल्या पिढीत बायकोला बसते. मला आज सर्वांत जास्त बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. पेन्शन हे कुणाचे उपकार नाहीत. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डी. एस. नकारा खटल्याचा निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, आणि निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती देसाई यांनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. तुम्ही राहायला नाशिकहून न्यू जर्सीला गेलात म्हणून हा हक्क कमी होत नाही. नागरिकत्व बदललं तरी केलेली नोकरी पुसली जात नाही. मात्र हक्क असला तरी दरवर्षी एक गोष्ट दाखवून द्यावी लागते, ती म्हणजे आपण हयात आहोत.

राज्य शासनाच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची सवय आहे. कोषागाराकडून बँकेच्या शाखेत यादी येते, आपण जाऊन आपल्या नावापुढे सही करतो. केंद्राच्या पेन्शनरांनाही नोव्हेंबरच. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना केंद्राने १ ऑक्टोबरपासूनच हयातीचा दाखला द्यायची मुभा दिली आहे. तेव्हा दिवाळी नातवंडांबरोबर करायला निघत असाल तर ते काम उरकूनच विमानात बसा. ईपीएस-९५, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफबरोबरची पेन्शन योजना, तिच्यावाल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी दाखला वर्षात केव्हाही द्यावा, तो दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. सही राहिली की पेन्शन थांबते. बुडत नाही, दाखला पोचल्यावर थकबाकीसह सुरू होते. पण त्या मधल्या महिन्यांत इथला सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, गावाकडे भावाला पाठवायचे पैसे, सगळं अडकतं आणि मुलापुढे हात पसरायची वेळ येते. स्वाभिमानी माणसाला ते फार लागतं, हे मी पाहिलं आहे.

परदेशातून दाखला द्यायचे रस्ते आहेत. पहिला आणि भक्कम रस्ता भारतीय वकिलातीचा. पासपोर्ट आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, घेऊन अमेरिकेत न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, जे जवळ असेल तिथे जायचं. तिथला अधिकारी सही-शिक्का देतो आणि तो कागद बँकेकडे किंवा कोषागाराकडे पाठवायचा. केंद्राच्या नियमांत नोटरी, दंडाधिकारी किंवा बँक अधिकाऱ्याची सहीसुद्धा चालते. आपलं कार्यालय नेमकं काय स्वीकारतं ते निघण्यापूर्वी लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तर देणारा माणूस बदलीवर जातो.

दुसरा रस्ता जीवन प्रमाणचा, म्हणजे आधारवरून ऑनलाइन काढायच्या हयातीच्या दाखल्याचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही सोय आली, पण सुरुवातीला बोटांचे ठसे लागायचे, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा खडू धरलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटेनात. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. मोबाइलवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲप घ्यायची, खिडकीसमोर चांगल्या उजेडात बसायचं आणि सांगेल तेव्हा डोळे मिटायचे-उघडायचे. पण इथेच बरेच जण फसतात. प्रमाणपत्राचा क्रमांक आला म्हणजे काम झालं असं नाही. बँकेने किंवा कोषागाराने ते स्वीकारलं का, हे बघावं लागतं. पीपीओ क्रमांकातला एक आकडा चुकला तरी दाखला तयार होतो आणि अधांतरी लटकतो.

आणि मुखत्यारपत्राबद्दल गैरसमज नको. मुखत्यार असलेला भाचा तुमच्या वतीने बँकेचे बाकीचे व्यवहार करेल, पण तुम्ही जिवंत आहात हे त्याच्या शब्दावर कुणी मानणार नाही. त्याच्या हातात तुमचा सही-शिक्क्याचा दाखलाच लागतो.

आता कुटुंब निवृत्तीवेतनाकडे, म्हणजे पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला मिळणाऱ्या पेन्शनकडे वळतो. एक प्रकरण सांगतो. गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मुलाकडे अमेरिकेत गेले आणि तिथेच वारले. पत्नीच्या नावे अर्ज आला. पीपीओवर तिचं नाव होतं, पण ते सासरी आल्यावर ठेवलेलं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत होती, ते नाव. पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, म्हणून त्यावर जन्मनाव आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. तिसरा कागद अमेरिकेतला मृत्यूचा दाखला. तिथल्या दाखल्यात हयात पत्नीचं लग्नापूर्वीचं नाव लिहायची रीत आहे, म्हणून त्यावर माहेरचं नाव, माहेरच्या आडनावासह. एकाच बाईची तीन नावं, आणि खिडकीमागच्या कारकुनाला या तिघी एकच आहेत हे कागदावर दाखवणारं काहीही नाही. नवरा गेलेला, परका देश, इंग्रजीतले फॉर्म, आणि या बाईंना आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. महिने गेले त्यात.

हे सगळं इथे असताना टाळता आलं असतं. पीपीओवर जोडीदाराचं नाव काय आहे ते वाचा, पासपोर्टशी आणि आधारशी ताडून बघा. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जोडून, ज्या कार्यालयातून निवृत्त झालात त्याच्यामार्फत दुरुस्ती मागा. राज्य शासनाच्या बाबतीत ती मुंबईच्या किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून होते, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची वाट निराळी. वेळ लागतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी सुरुवात करा.

नावाच्या खाली जन्मतारीख असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही. केंद्राच्या नियमानुसार ८० व्या वर्षापासून पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तीवेतनालाही ती लागू आहे. पण पीपीओवर पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ती ८० ची झाली हे बँकेला कसं कळणार? मग वाढ तशीच राहून जाते. तसंच पेन्शनच्या विकलेल्या भागाचं. निवृत्तीच्या वेळी जो भाग विकून एकरकमी पैसे घेतले, तो १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. परदेशात बसलेला माणूस पासबुक बघत नाही, त्यामुळे तो सुरू झाला की नाही हे त्याला समजतच नाही.

बँक खातं पती-पत्नीचं संयुक्त ठेवा, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहणारा अशा पद्धतीचं. नवऱ्यानंतर त्याच खात्यात कुटुंब निवृत्तीवेतन सुरू करता येतं. मृत्यू अमेरिकेत झाला असेल तर दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे तो कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का घ्या. बहुतेक राज्यांत तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळतो. कॅनडाही जानेवारी २०२४ पासून या व्यवस्थेत आला आहे. दाखल्याच्या चार-पाच अस्सल प्रती एकदमच मागून घ्या, कारण बँक, विमा, सोसायटी, प्रत्येक जण प्रत मागणार.

आणि मुलांना एक गोष्ट सांगून ठेवा. बाप गेल्यावर बँकेला लगेच कळवायचं. न कळवल्यास पुढच्या नोव्हेंबरपर्यंत पेन्शन जमा होत राहते, आईला वाटतं ती आपलीच आहे, खर्चही होते. नंतर ती सगळी वसूल होते, आणि ज्या बाईचा काही दोष नाही तिच्या पेन्शनमधून हप्त्याने कापली जाते.

खात्याविषयी थोडक्यात. व्हिसावर सहा महिने नातवंडं सांभाळायला जाणाऱ्यांनी काही बदलायची गरज नाही. पण ग्रीन कार्ड घेऊन राहायला गेलात, तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यात जमा होते. ती चालू उत्पन्नात मोडते, म्हणून कर भरून बाहेर नेता येते. भारतातला मोबाइल नंबर मात्र जपा. रिचार्ज न करता काही महिने गेले की सिम बंद होतं, पुढे नंबर दुसऱ्याला जातो, आणि बँकेचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येत असतो.

कराचं मात्र काळजीपूर्वक ऐका. अनिवासी झालात की ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळणाऱ्या काही सवलती जातात, जुन्या करपद्धतीतली वाढीव करमुक्त मर्यादा त्यांपैकी एक. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. आपली पेन्शनही त्यात आली. इथे भरलेल्या कराचं श्रेय तिथे मागता येतं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं परदेशी खात्यांचं वेगळं निवेदन अमेरिकी सरकारला द्यायचं असतं. मुदत ठेवी धरल्या तर आपल्यातले बहुतेक जण यात बसतात, आणि संयुक्त खातं नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही हिशोबात येतं. न भरल्याचा दंड मोठा आहे. अमेरिकी नागरिक झाल्यावर सरकारी पेन्शनचा प्रश्न पुन्हा बदलतो, कारण दोन देशांमधल्या कर करारात नागरिकत्वाला महत्त्व आहे. त्या वेळी दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएकडे एकदा बसाच, फीकडे बघू नका.

मागच्या रांगेतल्या तरुणांसाठी दोन गोष्टी. इथे खासगी नोकरीत पीएफ कापला जात असेल आणि परदेशी नोकरी लागली असेल, तर घाईने पेन्शनचे पैसे काढू नका. १० वर्षांची सेवा झाली की ईपीएसची पेन्शन पक्की होते, ५८ व्या वर्षी सुरू होते. त्याहून कमी सेवा असेल तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवता येतं. परत येऊन नोकरी धरलीत की जुनी वर्षं पुढे जोडली जातात. दुसरं, भारताचे अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. कॅनडाशी २०१५ पासून, जर्मनीशी २०१७ पासून तो अमलात आहे. अशा देशांत पेन्शनसाठी लागणारा किमान काळ मोजताना इथली वर्षंही धरतात. अमेरिकेशी असा करार नाही, आणि तिथे जाणारे आपले लोक तर खूप. हा करार व्हावा म्हणून पेन्शनरांच्या संघटनांनी आणि तिथल्या मराठी मंडळांनी मिळून आवाज उठवला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ झाली आहे. ज्यांनी पीपीओ बरोबर आणला आहे त्यांनी पुढच्या टेबलापाशी या. जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच पासपोर्टशी ताडून बघू, आणि दुरुस्ती लागत असेल तर अर्ज इथेच लिहायला घेऊ.