तारखेला किती?

(धोबीतलाव, सकाळ)

हे लघुवाद न्यायालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी स्मॉल कॉज कोर्ट. या काकूंची पिशवी बघा, लालबागच्या खोलीच्या भाडेपावत्यांपासून सगळे कागद त्यात आहेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वकिलांचे आजवर किती झाले विचारलं तर हसल्या नुसत्या. फी तारखेवर असते ना, हिशोब कोण ठेवणार.

महाग वाटलं तर दुसरा वकील बघा, ओपन मार्केट आहे, असं म्हणतात. पण दुसऱ्याचा भाव कळणार कुठून? समोरच्या फळवाल्याने पुठ्ठ्यावर लिहिलाय, वकिलाला लिहिता येत नाही. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम ३६, जाहिरात बंद, दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराचीच हवी. २००८ पासून वेबसाइट चालते, त्यात नाव, पत्ता, शिक्षण वगैरे टाका, रेट टाकायची सोय नाही. आणि जिंकलो तर इतके टक्के असा सौदाही चालत नाही.

(हायकोर्ट, फोर्ट)

१८७८ ची इमारत, आणि हे ब्रीफ, म्हणजे केसच्या कागदांचा गठ्ठा, फितीत बांधलेला. त्यावर फी लिहिलीय ती नीट बघा, रुपयांत नाही, जीएममध्ये. जीएम म्हणजे गोल्ड मोहर, मुंबईत एक जीएम १५ रुपयांचा. मोहरा गेल्या, इंग्रज गेले, ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टात लागतात तिथे, हिशोब अजून असाच चालतो, बाहेरच्या माणसाला आकडा बघून काय कप्पाळ कळणार!

सीनिअर कौन्सेल, म्हणजे कोर्टाने ज्येष्ठ दर्जा दिलेला वकील, हवा असेल तर थेट त्याच्याकडे जाता येत नाही, तो वकीलपत्र घेत नाही, मध्ये दुसरा वकील लागतोच, म्हणजे दोन फिया. परदेशी लॉ फर्म्सना इथे प्रॅक्टिस करता येणार नाही, हा २००९ चा निकालही याच कोर्टाचा होता, बार कौन्सिलच्या २०२३ च्या नियमांनी ती बंदी थोडी सैल झाली.

आणि हे ज्युनिअर, चर्चगेटहून गाऊन खांद्यावर टाकून धावणारे. गर्दी आणि स्पर्धा सगळी यांच्यात. शहरात यांना महिना किमान २०,००० द्या असं बार कौन्सिलने २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, सक्ती मात्र नाही.

(परत धोबीतलाव)

१९८७ च्या कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. काकूंना हे आज आमच्याकडून कळलं. पुढची तारीख लागलीय.