तुराट्यांचा पूल

नमस्कार श्रोतेहो. मी धुळे तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आज बोलायचंय तुराट्यांबद्दल. तूर झोडून झाली की खळ्यावर उरतात, त्याच.

दोन बाकांमध्ये दोन फूट अंतर ठेवलं. तुराट्या आणि सुतळी एवढ्यावर पूल बांधायचा, त्यावर वाळूचा डबा ठेवायचा. पहिल्या गटानं नेटक्या चौकटी बांधल्या. डब्यात अर्धी वाळू पडली आणि पूल एका अंगाला कलला. काडी मोडली नव्हती, गाठ सुटली नव्हती. "मॅडम, हाऊ वाकडा व्हई गया!"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पूर्वी मी ते लगेच सांगून टाकलं असतं. त्या दिवशी गप्प बसले, आणि ते सोपं नव्हतं. थोड्या वेळानं एका मुलीनं सुटी चौकट हातात घेतली, इकडून दाबली, तिकडून दाबली, आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक काडी आडवी बांधून टाकली. चौकट हलेना. बाजू तेवढ्याच राहिल्या तरी चौकोन तिरका होतो, त्रिकोणाचं तसं होत नाही. हे तिला पुस्तकाआधी हाताला कळलं.

मग तिनं विचारलं, सगळ्या काड्या सारख्याच जाड कशाला? हे मात्र मला येत नव्हतं. डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा सुटल्यावर रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छत तोलणारी लोखंडी पट्ट्यांची चौकट, जमिनीवर आडवी पडली होती. दादांनी खडूनं खुणा करून दाखवलं: ही पट्टी ताणली जाते, बारीक चालते, ही दाबली जाते, बारीक घेतली तर मधूनच वाकेल. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एकेक तुराटी काढून तिथं सुतळी बांधली. जिथं सुतळी ताठ राहिली तिथं ताण. जिथं ढिली पडून पूल बसला तिथं दाब. सबंध दुपार त्यात गेली, आणि गेली ते बरंच झालं.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी आधी अहवाल वाचून दाखवायचे. आता मोडलेला पूल घेऊन जाते आणि सहकारी शिक्षकांना जमिनीवर बसवून बांधायला लावते. प्रशिक्षणात आपले हात मळले नाहीत, तर वर्गात मुलांच्या हाती काही देण्याचा धीर होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हल्ली आमचं पाण्याचं चाललंय. पांझरा नदीकाठी फड पद्धतीचे, म्हणजे गावानं मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे, बंधारे आहेत. पाणी सोडणारा पाटकरी मुलांच्या ओळखीचा असतो. १८८४ साली सरकारी बांधकाम खात्यात रुजू झालेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या काळात इकडेच होते. पांझरेच्या पाटाचं पाणी प्रवाहाखालून पलीकडे न्यायला नळाचा सायफन, म्हणजे खाली उतरून पलीकडे वर चढणारा नळ, बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आम्ही पारदर्शक नळी खाली वाकवली. एका टोकाला पाणी ओतलं, दुसरं टोक जरा खाली धरलं. पाणी खाली उतरलं आणि पलीकडे चढून बाहेर पडलं. मुलांनी ते दहा वेळा केलं.

तेवढ्यात एकानं विचारलं, "मॅडम, नळ रिकामा असताना पूर आला, तर तो वर तरंगेल का?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका गावात आहेत. रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. तो मुलगाही बरोबर येणार आहे.