वराती थांबल्यावर घोड्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढात आपल्या जिल्ह्यात घोड्याला केवढा मान असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. त्याच दिवसांत सोलापूर शहरात एखाद्या मोकळ्या जागेत वरातीचा घोडा खांबाला आखूड दोरीनं बांधलेला दिसतो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, खूर वाढून पुढे वळलेले, पाठीवर खोगिराची जखम आणि तिच्यावर माश्या. जाणारे-येणारे हळहळतात आणि पुढे जातात, कारण घोडा दुसऱ्याचा. या दुसऱ्याच्या घोड्यासाठी आपण काय करू शकतो, ते आज सांगायचं आहे.

या उपासमारीला हंगाम असतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ बंद. वराती थांबल्या की घोड्याची कमाई थांबते, भूक मात्र रोजची. 300 किलोच्या घोड्याला दिवसाला 5-6 किलो कोरडी वैरण लागते. पाणी 20-25 लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, त्यामुळे जून-जुलैत माळावर चरायला फारसं काही नसतं. मग घोडा मोकळा सोडला जातो आणि उकिरड्यावर प्लॅस्टिकसकट मिळेल ते खातो. हे सगळं दुष्टपणानं होतं असं मला वाटत नाही. बऱ्याचदा मालकाच्या घरातच चूल कशीबशी पेटत असते. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिली गाठ मालकाचीच घ्यावी, आणि ती भांडायला म्हणून घेऊ नये.

जाण्याआधी घोडा नीट बघा. डोळ्यांच्या वरची खोबण खोल दिसली म्हणून घाबरू नका, वय झालं की ती खोल जातेच. म्हातारा घोडा पोटभर वैरण असूनही खंगू शकतो. दाढा वेड्यावाकड्या झिजतात, कडा टोकदार होतात, चावताना घास अर्धवट चघळून खाली पडतो. दावणीपाशी असे चघळलेले बोळे दिसले तर दुखणं दातांचं आहे. खूर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी तासावे लागतात. ते वाढलेले असतील तर नालबंद कित्येक महिन्यांत आलेला नाही, हे कळतं. नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर फुटलेल्या गाठी असतील तर मात्र हात लावू नका. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होतो. अशा वेळी थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

एवढं बघून गेलात की बोलणं सोपं होतं. "मामा, घोडं फार उतरलंय. दात दाखवले का? डॉक्टरांना मी घेऊन येऊ का?" असं विचारलेलं माणूस ऐकून घेतो. "जनावराचे हाल करता, लाज नाही वाटत?" म्हटलं की दार बंद होतं, आणि घोडा दाराच्या आतच राहतो. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून चातुर्मासापुरती वैरण लावून दिली, तर फार मोठं काम होईल.

आता खाऊ घालण्याबद्दल. दया येते म्हणून शिळ्या भाकऱ्या, गूळ, पाटीभर भिजवलेला हरभरा समोर ओतू नका. घोड्याला ओकारी होत नाही. उपाशी पोटात एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, गेली की पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते, जीवही जातो. स्वच्छ पाणी ठेवा. मालकाला विचारून कोरडी वैरण थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा द्या. चंदी कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. आणि आपल्या ज्वारीच्या मुलखात हे मुद्दाम सांगतो : पावसानं ओढ दिल्यावर सुकत चाललेली कोवळी ज्वारी विषारी असते. ती कापून कुठल्याच जनावराला घालू नका.

रात्री दोरी कापून घोडा सोडून देणारेही असतात. भावना समजते, पण सुटलेला घोडा पुणे-हैदराबाद महामार्गावर गेला तर घोडाही मरेल आणि मोटारसायकलवरचा माणूसही. परस्पर घेऊन गेलात तर चोरीचा गुन्हा तुमच्यावर लागेल.

मालक ऐकतच नसेल, तर कायदा आहे. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. जखमी जनावराला कामाला जुंपणं आणि कारण नसताना बेवारस सोडणं हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. आजच्या काळात ही रक्कम ऐकून संताप येतो, मलाही येतो. पण त्याच कायद्याच्या कलम 35 खाली दंडाधिकारी जनावराला उपचारासाठी पांजरपोळात, म्हणजे आजारी-म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रयस्थानात, पाठवू शकतात आणि खर्च मालकावर टाकू शकतात. तक्रारीचं खरं बळ तिथे आहे. शिवाय 1965 च्या नियमांनुसार, तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावराला गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला लावता येत नाही. म्हणजे सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांतली जवळपास प्रत्येक दुपार! काटेरी लगामालाही या नियमांत बंदी आहे.

तक्रार लेखी करा. जागा, तारीख, वेळ, जखम कुठे आहे, पाण्याचं भांडं होतं की नव्हतं, ते लिहा. वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो जोडा, कारण एका फोटोवरून मालक "कालच आजारी पडला" म्हणू शकतो. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. घोडा आडवा पडून उठत नसेल तर कागद नंतर. आधी पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 क्रमांकावर फोन लावा, मारहाण चालू असेल तर 112 वर. डॉक्टर येईपर्यंत घोड्यावर सावली धरा, गर्दी हटवा आणि त्याच्या मागच्या पायांपासून लांब राहा.

नमस्कार.