मूठ सैल झाल्यावर

पक्षाघाताला काही आठवडे किंवा महिने लोटले की रुग्णाचे नातेवाईक सांगू लागतात, ‘आधी हात लुळा होता, आता आखडत चालला आहे.’ कोपर वाकते, मनगट आत वळते, अंगठा तळव्यात दडतो आणि बोटे त्याच्यावर घट्ट मिटतात. हाताला बळ येत असल्याची ही खूण आहे, असे काही जण मानतात. पण घट्टपणा म्हणजे ताकद नव्हे. स्नायूंच्या ताणावर मेंदूचा जो लगाम असतो तो ढिला पडल्यामुळे मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट सुटते, आणि स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो जास्त विरोध करतो. म्हणूनच तेल लावून, झटका देऊन मूठ उघडण्याचा खटाटोप अंगाशी येतो.

या ताठरपणावर बोट्युलिनम विषाची इंजेक्शने देतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील युस्टिनुस केर्नर या वैद्याने (तो कवीही होता) बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले आणि हेच विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल, असे सुचवले. अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला १९८९ साली मान्यता मिळाली, तर हाताच्या ताठरपणासाठी २०१० साली. सुरकुत्यांमुळे प्रसिद्ध झालेले बोटॉक्स ते हेच.

हे विष मज्जातंतूच्या टोकाशी असलेले एक प्रथिन तोडते. त्यामुळे स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे अॅसिटिलकोलीन बाहेर पडत नाही आणि तो स्नायू सैल होतो. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, काही आठवड्यांत शिगेला पोहोचतो आणि साधारण तीन महिन्यांनी ओसरतो. एरवी बारा आठवड्यांच्या आत पुन्हा इंजेक्शन देत नाहीत. मात्रा युनिटमध्ये मोजतात, पण एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर बदलता येत नाही. कोपर ते मनगट या भागातील स्नायू एकमेकांना खेटून असल्यामुळे सुई सोनोग्राफीच्या किंवा विद्युत-चाचणीच्या आधाराने घालणे श्रेयस्कर.

आता मुख्य मुद्दा. इंजेक्शन घेतल्यावर हात कामाला लागेल, ही अपेक्षा मी रुग्णाशी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलून घेतो. ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांवर झालेल्या ‘बोटल्स’ या चाचणीत व्यायामोपचार दोन्ही गटांना मिळाले, इंजेक्शन एकाच गटाला. त्या गटाचा ताठरपणा घटला, तळवा स्वच्छ करणे, बाहीत हात घालणे अशी कामे सोपी झाली. परंतु वस्तू पकडण्या-सोडण्याच्या कौशल्यात महिन्याभराने लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही ही कामे सोपी होणे मला क्षुल्लक वाटत नाही. मिटलेल्या तळव्यात घाम साचून कातडी सडते, नखे रुतून जखमा होतात आणि रोज आंघोळ घालणाऱ्या बायकोचे किंवा मुलाचे हाल होतात. तेव्हा ‘नखे कापता यावीत’ हेही पूर्ण प्रतिष्ठेचे उद्दिष्ट आहे. ते आधी कागदावर लिहावे आणि त्यावरूनच कोणते स्नायू निवडायचे ते ठरवावे.

बोटांत थोडी हालचाल शिल्लक असेल, तर सैल झालेले हे आठवडे व्यायाम, स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि सराव यांसाठी वापरायला हवेत. महागडे इंजेक्शन घेऊन हात उशीवर ठेवून बसणे म्हणजे पैसे पाण्यात. उलट सांधा वर्षानुवर्षे आखडून स्नायू कायमचा आखूड झाला असेल, तर विष त्याला लांबवू शकत नाही. अशा हातावर सुई चालवण्यापूर्वी स्नायूच्या ताठरपणाचा वाटा किती आणि आखूडपणाचा किती, हे सावकाश ताणून पाहून तपासले पाहिजे.