सशाच्या आवाजाला कोण येतं

पश्चिम टेक्सास, सॅन अँजेलोच्या जवळचा माळ. जानेवारी महिना, सकाळचे सात वाजलेत, अजून धड उजाडलेलं नाही. समोर जी काटेरी झाडं दिसतायत ना ती मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीणच, त्यामुळं सोलापूरकडचा माणूस इथं आला तर त्याला पाच मिनिटं तरी गावाकडंच आल्यासारखं वाटेल. हा सगळा मेंढ्या-शेळ्यांचा पट्टा. आपल्याकडं धनगराच्या वाड्याला जशी लांडग्याची भीती तशी इथं कायोटीची. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पोचलेला प्राणी.

ज्यांच्या रानात मी बसलेय ते रँचवाले आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत. कोकरं व्हायच्या आधी दरवर्षी ते कायोटीची शिकार करतात. यंदा त्यांचा नातू पहिल्यांदाच सोबत आलाय, आणि त्याच्या हातात मोबाईलवर उघडलेली खरेदीची लांबलचक यादी आहे, रिमोटवाला स्पीकर, फिरणारा डिकॉय म्हणजे प्राण्याला भुलवायची वस्तू, चार प्रकारच्या शिट्ट्या, अंगभर कॅमो म्हणजे रानात मिसळून जाणारे कपडे. आजोबांनी यादी शांतपणे वाचली, फोन परत दिला आणि खिशातनं एक बोटाएवढी नळी काढली.

ही बघा. याला ओपन रीड कॉल म्हणतात, म्हणजे सापडलेल्या सशाच्या ओरडण्याची नक्कल करून कायोटीला जवळ बोलवायची उघड्या पत्तीची शिट्टी. एका टोकाला खोलगट पट्टी आणि त्यावर प्लॅस्टिकची पातळ पत्ती, सनईच्या पत्तीसारखीच समजा, फक्त सनईत जोडपत्ती असते, इथं एकच आहे. ओठ पत्तीवर हलके दाबायचे आणि पोटातनं हवा सोडायची. ओठ पत्तीच्या टोकाशी ठेवले तर आवाज बारीक निघतो, उंदीर चिरकल्यासारखा. थोडं आत घेतलं की कॉटनटेल, म्हणजे लहान रानससा, सापडल्यावर ओरडतो तसा. आणखी आत गेलात की जॅकरॅबिट, मोठ्या कानांचा ससा, त्याचा आवाज जाड आणि घोगरा. अगदी मुळाशी गेलं की कायोटीची स्वतःची कोल्हेकुई पण निघते. एका नळीत एवढं सगळं, आणि किंमत वीस डॉलरच्या आसपास.

नातवानं फुंकलं तर नुसती फुर्र झाली, कारण तो पत्ती दातानं चावत होता. आजोबा म्हणाले, "चावू नको बाळा, ओठानं धर, आणि फुंकू नको, रड." ते "रड" मला फार पटलं, कारण जीव जात असलेला ससा सुरात ओरडत नाही, त्याचा आवाज तुटतो, चढतो, मधेच दम लागतो, आणि नवशिक्याला जमलं नाही तरी ते तुटणं खपून जातं.

दुसरा प्रकार क्लोज्ड रीड, यात पत्ती आत बंद असते, नुसतं फुंकलं की आवाज येतो, पहिल्या दिवशीच जमतं. पण सूर एकच, आणि थंडीत तोंडाचं पाणी आत जाऊन पत्ती गोठते. लहान मुलाला शिकवायचं असेल तर हाच द्यावा, बाकी कुणी विचारलं तर मी ओपन रीडच घ्या म्हणेन, आठवडाभर गाडीत एकट्यानं सराव करा, घरात नको, घरातली कुत्री वेडी होतात.

या नळीचा इतिहास पण याच राज्यातला. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम भावांनी, मरी आणि विंटन यांनी, कॉल विकायचा धंदा नावारूपाला आणला, आणि त्यांचे वडील तर हात तोंडाशी धरून नुसत्या ओठांनी सशाचा आवाज काढायचे. पुढं साठच्या दशकात वेकोच्या जॉनी स्ट्युअर्टनं खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून तबकड्यांवर आणले. आजचे ई-कॉलर, म्हणजे नातवाच्या यादीतला तो रिमोटवाला स्पीकर, ही त्याच तबकड्यांची नातवंडं, रिमोट दाबला की शंभर आवाज.

मग ई-कॉलर घ्यावा का? घ्या, पण दुसऱ्या वर्षी. त्याचा मोठा फायदा हा की आवाज तुमच्यापासून लांब निघतो, त्यामुळं कायोटीची नजर तुमच्यावर येत नाही. तोटा असा की नवा माणूस आवाज बदलत बसतो आणि व्हॉल्यूम पहिल्याच मिनिटाला फुल करतो. कायोटी शंभर पावलांवर झोपलेला असला तर तो तिथनंच पळणार ना? सुरुवात नेहमी हळू. शिवाय ई-कॉलरचे आणि रात्रीच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, ते आधी वाचायचे, लायसन्स काढायचं, मगच पैसे घालवायचे.

आता डिकॉय. मला वाटायचं डिकॉय म्हणजे हुबेहूब प्लॅस्टिकचा ससा. तसं नाहीये. आजोबांनी टर्की पक्ष्याचं एक पीस घेतलं, हातभर दोऱ्यानं मेस्किटच्या खालच्या फांदीला बांधलं, जमिनीपासून वीतभर वर. हातात मोजे होते, माणसाचा वास लागू नये म्हणून. वारा आला की पीस गर्रकन फिरतं, थांबतं, परत थरथरतं. एवढंच. कायोटीला ससाच दिसायला पाहिजे असं नसतं, काहीतरी हललेलं दिसायला हवं असतं, आणि ते तुमच्या अंगापासून दूर हलायला हवं. तोंडानं कॉल करताना तो थेट आवाजाकडं, म्हणजे तुमच्याकडंच बघत येतो, म्हणून हे पीस वीसेक पावलं बाजूला. बॉबकॅट, म्हणजे इथलं रानमांजर, ती तर मांजरच शेवटी, तिला हलणारी वस्तू दिसली की ती तिथंच खिळते, फक्त तिच्यासाठी अर्धा-पाऊण तास बसायची तयारी पाहिजे. कायोटीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मोटरवर फिरणारे डिकॉय चांगलेच असतात, वारा पडला की त्यांचीच गरज लागते, पण पहिल्या हंगामाला पीस बास.

हे सगळं मला माझ्या फासेपारध्यांबद्दलच्या वाचनाशी जोडल्याशिवाय राहवलं नाही. पाळलेल्या तित्तराला ओरडायला लावून रानातली तित्तरं फाशात बोलवायची ही त्यांची पिढीजात कला, म्हणजे कॉल आणि डिकॉय दोन्ही एकाच पिंजऱ्यात! भारतात वन्यजीव कायद्यानं ती शिकार आता बंद आहे, त्यामुळं इथलं काही बघून आपल्या माळावर करून बघायचं नाही, हे स्पष्ट सांगते.

(पडद्यावर: उजाडलेलं रान, पीस हलतंय)

सव्वाआठ. पहिला कॉल, हळू. मग शांतता. आजोबा समोर बघतच नाहीयेत, ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडं वाहतोय तिकडं बघतायत, कारण कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वास घेतो. अकराव्या मिनिटाला तिकडनंच करड्या रंगाचं काहीतरी आलं. नातवानं बंदूक उचलली, आजोबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. गळ्यात पट्टा होता. शेजारच्या रँचचा मेंढ्या राखणारा कुत्रा, सशाचा आवाज ऐकून आलेला. पोराचा चेहरा पांढरा पडला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आजोबांनी पीस सोडून खिशात ठेवलं. उद्या वारा उत्तरेचा आहे म्हणाले, मागच्या गेटनं जाऊ. गाडीकडं परत जाताना नातवानं ती नळी मागून घेतली, आणि पूर्ण वाटभर तो ओठ आत-बाहेर करून आवाज शोधत होता.