पाहुणे आत की बाहेर?

बैठकीत ऐसपैस सोफा, अंगणात मांडलेल्या खुर्च्या, आणि पाहुणे मात्र स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने उभे!

यात त्यांचा दोष नाही. यजमान जिथे, तिथे गप्पा. म्हणून माणसांची ऊठबस असणारं घर आखायला सुरुवात करावी ती स्वयंपाकघरापासून. ओटा बैठकीकडे मोकळा, आणि त्याची एक बाजू ओसरीला लागून. हातात ट्रे घेऊन दोन वळणं पार करावी लागली, की बाहेरचं टेबल फोटोपुरतंच उरतं.

मग उंबरा. सरकता काचेचा दरवाजा दोन पल्ल्यांचा असेल, तर फार तर निम्मी वाट मोकळी होते. तीन ट्रॅकवर तीन पल्ले घेतले, तर दोन तृतीयांश. पण खरी कसोटी पायाखाली आहे. आतली-बाहेरची फरशी एका पातळीत हवी, तर ट्रॅक फरशीत बुडवावा लागतो. त्याच्या बाहेर जाळी टाकलेली पन्हळ लागते. आणि बाहेरच्या फरशीला घरापासून लांब जाणारा उतार, मीटरमागे साधारण एक ते दीड सेंटिमीटर. डोळ्यांना तो कळत नाही, पाण्याला बरोबर कळतो. हे सगळं स्लॅब पडण्याआधी ठरवायचं. नंतर सुचलं, तर पायरी आलीच.

वास्तुरचनाकार रिचर्ड न्यूट्रा यांनी 1946 साली कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमधल्या कॉफमन घरात काचेच्या भिंती सरकवून बैठक अंगणाला जोडली. फोटो आजही मोहात पाडतात. पण ते वाळवंटातलं घर! पावसाच्या मुलखात त्याची हुबेहूब नक्कल केली, तर पहिल्याच सरीला सगळे आत पळतील. तिथे भिंतीपासून बरंच पुढे आलेलं छप्पर हवं. टेबल, दोन्हीकडच्या खुर्च्या आणि मागून जायची वाट धरली, तर तीन मीटर तरी.

रात्री वेगळीच गंमत. आत लखलखाट, बाहेर काळोख, की काचेचा आरसा होतो. बागेऐवजी आपलेच चेहरे. अशा वेळी आतले दिवे मंद करावेत, 2700 केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) याच्या आसपासचे पिवळसर, आणि थोडा उजेड झाडांच्या बुंध्याशी ठेवावा.

आणि नकाशात हमखास राहून जाणारी एक गोष्ट: अंगणातून थेट जाता येईल असं टॉयलेट. नाहीतर ओल्या पायांचे पाहुणे विचारत विचारत थेट बेडरूममध्ये पोचतात.