लाखोळीची पारख पानावरून

नमस्कार, श्रोतेहो. आज लाखोळी या कडधान्याबद्दल. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना ती काय सांगायची! धान उभं असतानाच ओल्या बांधीत बी फेकलं की झालं.

ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमनसाहेब तुम्हाला ठाऊक असतील. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातली एक हकिकत त्यांनी लिहून ठेवलीय. १८२९ साली गारपिटीनं गहू गेला. १८३० साली पावसानं दगा दिला. १८३१ साली गव्हावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगली ती तिवडा, म्हणजे आपली लाखोळीच. गव्हाच्या रोगट शेतात ती माजली. लोकांनी दाणा खाल्ला, पाला गुरांना घातला. आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. एकाएकी, बरं का. काल चालता-फिरता गडी, आज पाय उचलेना.

दोष दाण्यातल्या ओडॅप या द्रव्याचा. कधीमधी वरणाला चालतं. महिनोन्‌महिने तेच पोटात गेलं की घात. १९६१ साली विक्रीवर बंदी आली. बंदीला कागद पुरतो, संशोधनाला पैसा लागतो. आपल्याकडे कागद स्वस्त!

मग कमी ओडॅपचं झाड निवडा. पण दाणा तपासून फसगत होते. पाण्याचा ताण पडला, जमिनीत जस्त कमी असलं, तर त्याच वाणात ओडॅप वाढू शकतं. गुण झाडाचा की शेताचा? म्हणून डीएनए मार्कर, म्हणजे झाडाच्या डीएनएतली त्या गुणाशी जोडलेली खूण. रोपाचं कोवळं पान घ्यायचं, डीएनए काढायचा. डीएनएच्या हव्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात ९४ अंशांना धागे सुटतात, ५५च्या आसपास प्रायमर, म्हणजे तुकड्याची सुरुवात धरणारे छोटे धागे, चिकटतात, ७२ला नवा धागा बनतो. अशा पस्तीसेक फेऱ्या, मग जेलच्या थरावर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या दिसतात. शेत बदललं तरी पट्टी बदलत नाही. पुन्हा सांगतो, पट्टी बदलत नाही.

अडचण अशी, की लाखोळीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सहा अब्ज अक्षरांच्या वर, हरभऱ्याच्या आठपट, त्यात बरीचशी पुनरुक्ती. म्हणून मार्कर शोधतात ते चालू, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या, जनुकांत. शिवाय ओडॅप एका जनुकाच्या हातात नाही. एका पट्टीवर निवड केली, की चुकली. आणि दोन्ही पालकांत पट्टी सारखीच आली, तर तो मार्कर त्या संकरात निरुपयोगी.

त्यातून मधमाशा. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण, पण शेजारी गावठी लाखोळी असली की परागकण मिसळतात आणि पुढच्या पिढीत ओडॅप चढतं. तेव्हा बियाण्याचा प्लॉट लांब ठेवा, आणि पेरण्याआधी त्या बियाण्याची थोडी रोपं उगवून पानं तपासून घ्या.